कशापासनं करत्यात, शांते?

अण्णा, भेटायला येणारा प्रत्येक माणूस मला तेच ऐकवून जातो. "शांताबाई, तुम्ही होता म्हणून अण्णांनी एवढी वर्षं तरी काढली." आणि त्याला जोडून तुझं ते वाक्य, जे तू अख्ख्या गूळ मार्केटकडून पाठ करून घेतलंयस, "आमची शांती खोटं बोलत न्हाय." काल तर आपल्या दुकानातला म्हातारा हमालही म्हणाला. मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, बाईंना भावाची आठवण झाली. आठवण आहेच रे, ती काय जाते होय? पण ते वाक्य ऐकलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

कारण मी बोलले आहे खोटं. तुझ्याशीच. एकदाच बोलले, पण असं की ते चार वर्षं रोज सकाळी सुईतून तुझ्या अंगात जात होतं. तू जाऊन आज एकवीस दिवस झाले. समोर होतास तोवर मला धीर झाला नाही, आणि आता तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस म्हणून बोलायला बसले आहे, हे मला कळतंय. तरी ऐकून घे.

पण एकदम त्या गोष्टीवर येता येत नाही मला. वर्गातसुद्धा मी आधी सगळा फळा पुसते, मगच खडू हातात घेते. तुला त्याचा कंटाळा यायचा. "मुद्द्याचं बोल की बाई," म्हणायचास.

आपण सगळे पन्हाळ्याला गेलो होतो ते आठवतंय? तू, वहिनी, दोन्ही पोरं आणि मी. एसटीत बसल्यापासून तुला तहान लागली होती. वहिनींनी सगळ्यांसाठी गाळून घेतलेलं फिरकीच्या तांब्यातलं पाणी तू वाघबीळ यायच्या आत एकट्यानं संपवलंस. वर गेल्यावर दर अर्ध्या तासानं तू कुठल्या तरी तटाच्या आड जायचास आणि आम्ही उन्हात उभे. मी म्हणाले, "अण्णा गडाचा एकेक बुरूज तपासून घेतोय, सरकारनं नेमलंय त्याला." पोरं लोळून लोळून हसली. तू सगळ्यांत जास्त हसलास. त्याच आठवड्यात मी नववीच्या मुलींना शरीरातल्या ग्रंथी शिकवत होते. फार तहान लागणं, फार लघवीला होणं, वजन उतरणं, ही लक्षणं मी फळ्यावर एकाखाली एक लिहिली होती. मुलींनी वहीत उतरवून घेतली. मला माझ्या भावात ती दिसली नाहीत. शिक्षकाचं असंच असतं बघ, फळ्यावरचं घरात येत नाही.

आणि मुंग्या. ह्याचा तर मला अजून राग येतो. दुसऱ्या कुणाच्या घरी मोरीत मुंग्यांची रांग लागली असती तर घरातली एखादी म्हातारी तरी म्हणाली असती की बाबा, कुणाच्या तरी लघवीतून गोड जातंय. आपलं घर गुळाच्या अडत्याचं. खाली दुकान, मागं माल, वर आपण. मुंग्या आपल्याकडं कुठं नव्हत्या? देव्हाऱ्यात होत्या, तुझ्या धोतराच्या घडीत होत्या, माझ्या तपासायच्या वह्यांत होत्या. त्यांच्यावर कुणी गरम पाणी ओतायचं नाही, हा तुझा कायदा. मोरपिसांचा कुंचा घेऊन हलकेच बाजूला सारायच्या. हमालांनासुद्धा तू शिकवून ठेवलं होतंस, "पाय जपून टाक, ती बी पोटासाठीच आलीया." वहिनी एकदा म्हणाल्या की मोरीत मुंग्या फार व्हायला लागल्यात. तू म्हणालास, "माझ्या पायाला गूळ असतुय, तिथंच धुतो न्हवं मी." झालं. सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. एवढं गोड घरात असताना आपलं माणूसच गोड होत चाललंय हे कुणाच्या डोक्यात येणार!

आपली आई, आव्वा, अशीच गेली होती. वाळत वाळत गेली, पायाची जखम भरेना, शेवटी शेवटी तिला दिसायचं कमी झालं. कोडोलीच्या घरातल्या त्या अंधाऱ्या खोलीत ती "पाणी दे गं" म्हणत पडलेली असायची. दुखण्याला तेव्हा नावच नव्हतं. "वारं गेलं अंगावरनं," म्हणायचे लोक. हे घरात उतरत जाणारं दुखणं असतं, आईला असलं तर पोरांनी सावध राहावं, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. वाचलं आणि पान उलटलं.

तुझं धोतर ढिलं व्हायला लागलं तेव्हा कुठं माझे डोळे उघडले. तालमीतलं तुझं अंग, मान अशी रुंद, आणि एक दिवस सदऱ्याच्या गळ्यातून हाड दिसलं. मी म्हणाले, "अण्णा, उद्या सकाळची लघवी बाटलीत धरून आण, शाळेत तपासते." तुझा चेहरा! "भैणीनं भावाकडं मागायची चीज हाय व्हय ही? लाज हाय का तुला?" दोन दिवस बोलला नाहीस माझ्याशी. मग रविवारी स्वतःच आलास प्रयोगशाळेत, कापडी पिशवीत कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन. आणि वाटेतली हकिकत सांगितलीस. शाहूपुरीच्या कोपऱ्यावर कुणी व्यापारी भेटला, म्हणाला, "काय अण्णा, काकवी काय बाटलीत?" तू म्हणालास, "व्हय, सँपल हाय, बाईंना दाखवाय चाललोय." अरे देवा, किती हसलो आपण!

मी परीक्षानळीत निळं द्रावण घेतलं, तुझ्या बाटलीतले आठ थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली. तू शेजारी वाकून बघत होतास. निळ्याचं हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं झालं आणि तू खूश होऊन म्हणालास, "हां, एक नंबर माल!" तुझ्या धंद्यात पिवळाधमक म्हणजे सोनं. मी नळी दिव्यावरच धरून ठेवली. पिवळ्याचं नारिंगी झालं, मग तळाशी विटकरी साका बसला. "लाल पडला की," म्हणालास, "ह्यो दोन नंबरात जातोय." मी नळी स्टँडला लावली आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिले. माझ्या खांद्यावर हात ठेवून तू म्हणालास, "एवढा वाईट भाव आला व्हय गं?"

डॉक्टरांनी पुढं सांगितलं ते तुझ्या माझ्यासमोरच. रक्ताचा कागद बघून म्हणाले, "अण्णा, गोड बंद. साखर, गूळ, सगळं." तू छातीवर हात ठेवून म्हणालास, "मी गोड खातच न्हाय, डॉक्टर." आणि तुझं खरं होतं, तुझ्या हिशेबानं. चहा तू पीत नव्हतास. सणाची पोळी अर्धी. पेढा पोरांना द्यायचास. मला खात्रीनं वाटलं की ह्याचं काहीतरी वेगळंच कारण आहे. मग एका शनिवारी शाळा लवकर सुटली म्हणून मी दुकानात येऊन बसले, सौदा चालू होता. हंगाम ऐन भरात, गाड्यांमागून गाड्या लागलेल्या. प्रत्येक शेतकऱ्याचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडायचा, बोटभर खडा जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे, खारट आहे का, चिकट आहे का, चुना जास्त झालाय का, आणि मग भाव बोलायचा. मी बोटं मोजायला लागले. हाताची संपली, पायाची संपली. मग मी मोजायचं सोडून दिलं.

त्या दिवशीचं भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. "हे काय चाललंय?" म्हटलं तर तू चक्क गोंधळलास. "ह्ये खाणं न्हवं शांते. ह्यी पारख हाय." मी म्हणाले, पोटाला काय कळतंय पारख कुठली आणि खाणं कुठलं? तू म्हणालास, "देवळात तीर्थ घेतलं म्हणजे पाणी पिलं असं कुणी म्हणतंय व्हय?" तू लबाडी करत नव्हतास. तीस वर्षं रोज तू एवढा गूळ गिळत होतास आणि तुला खरंच ठाऊक नव्हतं की तू गूळ खातोस. नुसत्या गुळानं दुखणं झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. आईकडून आलेलं होतं, वय झालं होतं, तालीम सुटल्यावर गादीवरचं बसणं आलं होतं. पण त्यात हा रोजचा गूळ.

तरी तू माझं ऐकलंस, हे कबूल करते. शेजारी पिकदाणी आली, पाण्याचा तांब्या आला. चव घ्यायची, थुंकायचं, चूळ भरायची. गूळ थुंकताना तुझा चेहरा बघवायचा नाही. व्यापारी हसले. "अण्णाला डोहाळं लागल्यात," म्हणाले. तू त्यांना सांगितलंस, "आमच्या बाईंचा हुकूम हाय, आन् आमची शांती खोटं बोलत न्हाय." तिथूनच सुरू झालं ते वाक्य. आणि सकाळी रंकाळ्याला एक फेरी. पहिल्यांदा मला सोबत घेऊन, मग मला दम लागतो म्हणून मागं टाकून.

तुझ्या ऐकण्याचं मला अप्रूप वाटायचं, कारण तू ऐकण्यातला माणूस नव्हतास. आपल्या वडिलांचं, आप्पांचंसुद्धा ऐकलं नाहीस. मॅट्रिक झाल्यावर सांगलीकडचं स्थळ आलं होतं मला. पोरगी शिकून काय दिवे लावणार, म्हणत आप्पा बोलणी करून आले होते. तू म्हणालास, "तिला शिकायचं हाय. मी घालतो कॉलेजात." चार वर्षं सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून सोडलंस मला. बी.एस्सी. झाले, नोकरी लागली, लग्न नको म्हणाले तेव्हाही तू एकदाच विचारलंस, "नक्की न्हवं?" आणि वरच्या दोन खोल्या मला दिल्यास. ज्या शिक्षणानं मला तुझं दुखणं ओळखता आलं ते तूच दिलेलं होतं. आणि खोटं बोलायला जी अक्कल लागली तीही तिथलीच.

गोळ्यांवर सहा-सात वर्षं बरी गेली. मग पर्युषण आलं. दहा दिवसांत तीन उपवास तू लहानपणापासून करत आलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. तू गोळीही घेतलीस आणि उपासही केलास, दोन्ही धर्म पाळले. दुपारी दुकानात घाम फुटून गादीवर आडवा झालास, डोळे फिरले, बोलणं ओठातच अडकलं. त्या म्हातारबा हमालानं काही न कळता गुळाचा खडा तुझ्या गालात कोंबला आणि तू उठून बसलास. मी शाळेतून धावत आले तर तू हसत होतास. "बघ! ज्याला श्या देतीस त्यानंच वाचिवलं." मी तुला समजावलं की रक्तातली साखर फार उतरली होती म्हणून असं झालं. पण उपास मोडला ह्याचंच दुःख तुला जास्त. पुढच्या वर्षी तू ठरवलंस की पर्युषणात गोळीच घ्यायची नाही. दहा दिवस नाही, मग ते पंधरा झाले, मग विसरलासच. मला सांगितलं नाहीस. पाठीवर काळपुळी उठली तेव्हा कळलं.

काळपुळी फुगत वाटीएवढी झाली. तापानं तू बरळायला लागलास. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांचं काम राहिलं नाही, इन्शुलिन सुरू करावं लागेल, आजच. नाहीतर ही पाठ आवरणार नाही. वहिनी दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या. डॉक्टर सुई आणायला आत गेले, आणि तू डोळे उघडून माझ्याकडं बघितलंस. तापात होतास, पण तो प्रश्न विचारताना तुझा आवाज एकदम सरळ होता.

"कशापासनं करत्यात ह्ये, शांते?"

मला ठाऊक होतं रे. मी नववीला शिकवत होते ते. गाई-डुकरांच्या पोटातल्या स्वादुपिंडातून काढतात. खाटिकखान्यातून येतं. जो माणूस मुंगीला मोरपिसानं बाजूला करतो, कांदा जिभेला लावत नाही, दिवस मावळायच्या आत जेवतो, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, त्याला मी हे सांगितलं असतं तर तू तोंड फिरवलं असतंस आणि चार दिवसांत गेला असतास. शांतपणे गेला असतास. त्याची मला खात्री होती, म्हणूनच भीती होती.

मी म्हणाले, "केमिकल आहे. कारखान्यात तयार करतात."

"जीव न्हाय न्हवं त्यात?"

"न्हाय."

मी कधी असं बोलत नाही. शाळेत बोलून बोलून माझं तोंड 'नाही'ला वळलेलं. त्या वेळी मात्र 'न्हाय' आलं. खोटं बोलायला मी तुझीच बोली घेतली. तू म्हणालास, "मग टोच," आणि दंड पुढं केलास. डॉक्टर आतून येऊन पडद्याशी थांबले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. सुई भरता भरता त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि तुझा दंड स्पिरिटनं पुसला.

पाठ बरी झाली. तू चार वर्षं जगलास. थोरल्याचं लग्न बघितलंस, नातीला खांद्यावर घेऊन देवदर्शनाला बस्तीत गेलास, तिचे पहिले पाच शब्द मला येऊन सांगितलेस. रोज सकाळी वहिनी काचेची सिरिंज उकळायच्या, तू स्वतःच्या हातानं मांडीत टोचून घ्यायचास, आणि मी वरती वेणी घालत असताना ते भांड्यातलं पाणी खळखळल्याचा आवाज ऐकायचे. रोज. शाळेला जाताना तुझ्यासमोरून जिना उतरायची मला लाज वाटायची.

सांगायला जागा नव्हती असं नाही. दरवर्षी पर्युषण संपलं की क्षमावणीचा दिवस येतच होता. सगळे एकमेकांपुढं हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतात, वर्षभरात जाणता-अजाणता जे काही चुकलं त्याची. तू थोरला असून दरवर्षी जिना चढून वर यायचास, दारातच उभा राहून म्हणायचास, "काय चुकलं असंल तर क्षमा कर बाई." मी म्हणायची, "माझंही." बस्स, एवढंच. चार वर्षं तू येत राहिलास, आणि चारही वेळा मी "माझंही" ह्या एका शब्दात सगळं घालून मोकळी झाले. तू हसून खाली जायचास आणि मी दार लावून घ्यायची.

आणि तू गेलास तो साध्या दुपारी. जेवून गादीवर "जरा पडतो" म्हणालास आणि उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय, आणि ह्या दुखण्यात पुष्कळांना छातीची कळसुद्धा जाणवत नाही. मला काही सांगायची संधीच ठेवली नाहीस. मी चिडले आहे तुझ्यावर, अण्णा. फार चिडले आहे.

गेल्या आठवड्यात सगळे पाहुणे गेल्यावर वहिनी वर आल्या. माझ्या खाटेवर बसल्या, पदराची चाळवाचाळव करत बसल्या, मग म्हणाल्या, "वन्सं, एक सांगू काय? ह्यांनी सांगू नको म्हटलं हुतं." मी म्हटलं सांगा. म्हणाल्या, "सुई टोचायच्या आधी रोज हात जोडायचं, डोळं मिटायचं आन् 'उत्तम क्षमा' म्हणायचं. एकदिस मी इचारलं, कुणाची मागताय? तर म्हणालं, 'ज्याचं हाय त्याची.'"

वहिनी पुढं म्हणाल्या, "मी म्हटलं, शांताताईंस्नी इचारू काय? तर म्हणालं, 'नगं. तिला वाटतंय मला ठावं न्हाय. तसंच ऱ्हाऊ दे. तिनं लई जड मनानं सांगितलंय ते.'"

कधी कळलं तुला? कुणी सांगितलं? बाटलीवरचं इंग्रजी तुला वाचता येत नव्हतं. औषधाच्या दुकानात कुणी बोललं? की पहिल्याच दिवशी, मी 'न्हाय' म्हणाले तेव्हाच? तीस वर्षं जिभेवर ठेवून माल ओळखणारा माणूस तू, बहिणीचा एक शब्द ओळखला नसशील असं मी कसं समजले! आणि तरी घेत राहिलास. माझ्यासाठी? नातीसाठी? का तुलाही जगायचं होतं, आणि माझं खोटं तुला सोयीचं पडलं? हे शेवटचं असलं तर मला फार आवडेल, अण्णा. मी ह्यावर तुझ्याशी भांडले असते आणि तू जिंकला असतास. बाजारात शेवटपर्यंत "आमची शांती खोटं बोलत न्हाय" म्हणत राहिलास, सगळं ठाऊक असून. अरे, असला कसला रे तू!

मी क्षमा मागत नाही, हेही सांगून टाकते. चुकले असं मला वाटत नाही. पुन्हा तो दिवस आला तर पुन्हा तेच बोलेन, आणि पुन्हा चार वर्षं तोंड चुकवेन. तुला त्या रोजच्या क्षमेचा भार मी दिला, त्याचं मात्र वाईट वाटतं. तो आपण दोघांनी मिळून उचलला असता.

आता माझं ऐक. तू गेल्यावर डॉक्टरांनी मला बजावलं, "बाई, आई गेली, भाऊ गेला, आता तुमचं आणि पोरांचं तपासून घ्या." बारा वर्षांपूर्वी तुझी बाटली उकळणाऱ्या बाईनं स्वतःची कधी उकळली नव्हती. तुला मी आळशी म्हणायची, भित्रा म्हणायची. रविवारी शाळेत गेले, आठ थेंब, दिवा. निळं ते निळंच राहिलं. मी तिथंच स्टुलावर बसून रडले, सुटले म्हणून. डॉक्टरांना जाऊन सांगितलं तर हसले. "नववीला शिकवता ना तुम्ही? लघवीत उतरायला फार वेळ लागतो. रक्त बघू." उपाशीपोटी बघितलं, जेवल्यावर दोन तासांनी बघितलं.

आहे, अण्णा. मलाही आहे. सुरुवात आहे म्हणाले, अगदी लवकर सापडलं. भात निम्मा करा, वजन उतरवा, रोज पाऊण तास चाला, दर तीन महिन्यांनी या. आत्ता गोळीसुद्धा नको. तुझी पोरंही नेली धरून. दोघांचं ठीक आहे, पण थोरल्याला मी सांगितलंय की दरवर्षी तपासायला यायचं, आणि गादीवर बसल्या दिवसापासून गूळ थुंकून चूळ भरायची. त्यानं मान डोलवली. बघू या.

मी एकटीच रंकाळ्याला फेरी मारते. दम लागतो, थांबते, पुन्हा चालते. नीट वागलात तर पुष्कळ वर्षं काही होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात, आणि मी नीट वागणार आहे, हट्टानं. पण कधी ना कधी ते सुई भरून माझ्यासमोर बसतील. त्यातलं औषध कशापासनं करतात हे मला तोंडपाठ आहे. तुला निदान विचारायला मी होते, अण्णा. मी कुणाला विचारू, आणि मला 'न्हाय' कोण म्हणणार?